तुटलेल्या सासरी पहिल्यांदा जाताना: अमेरिकेच्या दक्षिणेतल्या छोट्या गावासाठी मार्गदर्शक

तुमचा जोडीदार जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी किंवा टेनेसीतल्या एखाद्या लहान गावात वाढलाय, त्याचं घरच्यांशी बोलणं कित्येक वर्षं बंद आहे, आणि आता त्याला परत जावंसं वाटतंय. अशा मराठी मुलामुलींसाठी हा लेख आहे. पुण्या-नाशकात बसून काळजी करणाऱ्या त्यांच्या आईवडिलांनी वाचला तरी हरकत नाही.

आम्ही अटलांटाजवळ राहतो. नवऱ्याचं गाव जॉर्जियातल्या मेकन शहराच्याही खाली, भुईमूग आणि पेकानच्या (हा अक्रोडासारखा सुकामेवा) पट्ट्यात. त्याच्या आईवडिलांचा घटस्फोट झाला, आई त्याला घेऊन दुसऱ्या राज्यात गेली, आणि वडिलांकडचा सगळा गोतावळा तुटला. पुढची वर्षं ‘आधी फोन कोणी करायचा’ यातच गेली. आता जाणं-येणं आहे. गळ्यात गळे नाहीत, पण कोणी आजारी असलं की कळतं, आणि जेवायचं बोलावणं येतं.

या सगळ्या खटाटोपातून माझं एक मत पक्कं झालंय: आधी ओळख, मग जाब. ‘तुम्ही आम्हाला का तोडलंत?’ हा प्रश्न खरा असतो, पण तो घेऊन दारात उभं राहिलं की दार लागतं. खालच्या पायऱ्या त्याच हिशेबाने लावल्या आहेत.

१. जायचं की नाही, हे तुम्ही ठरवू नका

‘काही झालं तरी आईवडील ते आईवडील’ हे आपलं ठेवणीतलं वाक्य इथे गिळून टाका. तुटण्यामागे मारहाण असेल, लैंगिक अत्याचार असेल, तर समेटाची हौस तुमची आणि त्याची किंमत जोडीदाराची, असं होऊन बसतं. कारण एकदा निवांतपणे विचारा. उत्तर अर्धवट मिळालं तर तेवढ्यावर थांबा.

कधी कधी कारण तुम्ही स्वतःच असता. वंशाबाहेरच्या (गोरे-काळे अशा) लग्नांवरची राज्यांची बंदी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये रद्द केली. पण अलाबामाच्या राज्यघटनेतलं तसं कलम काढायला २००० साल उजाडलं, आणि त्या मतदानातही सुमारे ४० टक्के मतं कलम राहू द्या अशी पडली. ते मतदार काही इतिहासजमा झालेले नाहीत. त्यातले कोणी चर्चमध्ये तुमच्या शेजारी बसतील, तुम्हाला आग्रहाने गोडधोड वाढतील, तुमच्या पोराला मांडीवरही घेतील. हे सगळं एकाच माणसात असतं, हे धरूनच चला. लग्नावरूनच बोलणं तुटलं असेल तर पहिल्या भेटीला जोडीदाराला एकट्याला जाऊ द्या. त्यात तुमचा अपमान नाही.

२. आधी मृत्युलेख वाचा

जिवंत माणसं शोधायची तर सुरुवात गेलेल्यांपासून करा. दक्षिणेतल्या गावांत अंत्यविधी करणारं फ्युनरल होम स्वतःच्या संकेतस्थळावर मृत्युलेख ठेवतं, आणि तो आपल्या पेपरातल्या दोन ओळींसारखा नसतो. मागे कोण राहिलं, ते कुठल्या गावात असतात, मुलींची लग्नानंतरची आडनावं, जावई, नातवंडं, आधी कोण गेलं, चर्च कोणतं, दफनभूमी कोणती, हे सगळं त्यात असतं. आजोबांचा एक मृत्युलेख मिळाला की अर्धी वंशावळ हातात येते.

दोन सापळे आहेत. पहिला नावांचा. इथे पुष्कळ माणसं आयुष्यभर मधल्या नावाने ओळखली जातात, किंवा ‘बुब्बा’, ‘ज्युनिअर’, ‘सिस’ असल्या टोपणनावांनी. जोडीदाराला ‘अंकल बडी’ एवढंच आठवत असेल तर सरकारी कागदात बडी कुठेच सापडणार नाही. मृत्युलेखात खरं नाव आणि अवतरणचिन्हांत टोपणनाव, असं दोन्ही मिळतं.

दुसरा सापळा जास्त बोचरा. मागे राहिलेल्यांच्या यादीत तुमच्या जोडीदाराचं नाव नसू शकतं. लेख आधी तुम्ही वाचा, आणि नाव नसेल तर तसं सांगूनच त्याच्या हातात द्या.

याखेरीज फॅमिलीसर्च (वंशावळीच्या नोंदी) आणि फाइंड अ ग्रेव्ह (कबरींच्या नोंदी) ही दोन संकेतस्थळं फुकट आहेत, आणि सुरुवातीला तेवढी पुरतात. अमेरिकेची जनगणना ७२ वर्षांनी खुली होते. १९५० ची एप्रिल २०२२ मध्ये खुली झाली, म्हणजे १९६० च्या नोंदींसाठी २०३२ पर्यंत थांबायचं. जोडीदार कृष्णवर्णीय असेल तर मागे जाताना १८७० ला भिंत लागते. गुलामीतून सुटलेल्या सगळ्यांची नावं पहिल्यांदा त्या वर्षीच्या जनगणनेत आली. त्याआधीच्या गुलामांच्या याद्यांत मालकाचं नाव असतं, माणसाचं फक्त वय, लिंग आणि कातडीचा रंग. अशा घराण्यांची एक शाखा बहुधा शिकागो, डेट्रॉइट किंवा फिलाडेल्फियाला सापडते. १९१० ते १९७० या काळात सुमारे साठ लाख कृष्णवर्णीय दक्षिण सोडून गेले, त्यातली ही माणसं. गावातल्यांपेक्षा तिथल्या चुलत भावंडांशी बोलणं कधी कधी सोपं जातं.

डीएनए चाचणी मी शेवटचा उपाय मानते. तिच्यातून न विचारलेली उत्तरंही बाहेर येतात: कोणाचा बाप कोण, कोणाला आणखी एक भाऊ आहे. शिवाय ट्वेंटीथ्री अँड मी ही कंपनी मार्च २०२५ मध्ये दिवाळखोरीत गेली, तेव्हा लोकांच्या माहितीचं पुढे काय होणार यावर बराच गदारोळ झाला.

३. कोर्टहाउस: जा, पण पत्र पाठवल्यानंतर

जॉर्जियात १५९ काउंट्या (आपल्या जिल्ह्यासारख्या) आहेत, टेक्साससोडून कुठल्याच राज्यात एवढ्या नाहीत. प्रत्येकीचं एक मुख्य गाव, आणि तिथे कोर्टहाउस. जॉर्जियात आणि अलाबामात मृत्युपत्रं आणि लग्नाच्या नोंदी प्रोबेट कोर्टात, म्हणजे वारसा-मृत्युपत्रांच्या कोर्टात, मिळतात. जमिनीचे दस्त जॉर्जियात सुपिरिअर कोर्टाच्या क्लार्ककडे असतात, अलाबामात प्रोबेट जजच्या कार्यालयात.

खिडकीवरच्या बाई मदत मनापासून करतात. पण आडनाव सांगितलं की ‘म्हणजे तुम्ही अमक्यांचे का?’ हा प्रश्न येतोच, आणि संध्याकाळपर्यंत ती बातमी अमक्यांच्या घरी पोचलेली असते. तुमची पहिली खबर क्लार्ककडून मिळणं चांगलं नाही. म्हणून आधी पाचवी पायरी करा, मग इथे या.

सोबत ठेवायचं सामान:

- जोडीदाराचा जन्मदाखला आणि फोटो असलेलं ओळखपत्र
- तुमच्या लग्नाच्या दाखल्याची प्रत
- हाताने काढलेली वंशावळ, खरी नावं आणि टोपणनावं दोन्ही लिहून
- जुन्या फोटोंच्या प्रती (मूळ फोटो घरीच ठेवा)
- मृत्युलेखांचे प्रिंट
- प्रतींसाठी सुटे डॉलर
- तुम्ही व्हिसावर किंवा ग्रीन कार्डावर असाल तर ती कागदपत्रं. अठरा वर्षांवरील परदेशी नागरिकाने ती जवळ बाळगावीत असा कायदाच आहे, आणि गावाकडच्या रस्त्यावर पोलिसाने गाडी थांबवली तर ‘घरी आहेत’ हे उत्तर कामाचं नाही.

४. घराण्यातली ‘ती’ शोधा

अशा प्रत्येक कुटुंबात एक बाई असते. जन्म-मृत्यूच्या नोंदी केलेलं घरचं जुनं बायबल तिच्या कपाटात असतं, सगळ्यांचे पत्ते तिच्याकडे असतात, आणि उन्हाळ्यातल्या कौटुंबिक मेळाव्याची तारीख तीच ठरवते. बहुतेक वेळा ती आत्या किंवा चुलत आजी असते. ज्याच्याशी भांडण झालं त्याला, म्हणजे बापाला किंवा थोरल्या भावाला, पहिलं पत्र लिहू नका. तिला लिहा. तिने भांडण जवळून पाहिलेलं असतं, पण तिच्यावर स्वतःची बाजू लढवायची वेळ आलेली नसते.

५. पत्र

फोन नको, फेसबुकवरचा निरोप तर नकोच. साठीपुढच्या माणसाला अचानक आलेला फोन हा पैसे उकळणाऱ्यांचा वाटतो, आणि खरंच तसले फोन त्यांना रोज येत असतात. हाताने लिहिलेलं एका पानाचं पत्र साध्या टपालाने पाठवा. सही घेऊन देतात त्या टपालाने पाठवू नका. सही मागितली की माणसाला कोर्टाची नोटीस आल्यासारखं वाटतं.

पत्र जोडीदाराच्या अक्षरात हवं, तुमच्या नाही. मजकुराचा गाभा साधारण असा:

‘मी अमक्याचा मुलगा, तमक्यांचा नातू. लहानपणी तुमच्या घरच्या अंगणात आम्ही पेकान वेचायचो, ते मला आठवतं. माझं लग्न झालंय, आम्ही अटलांटाजवळ राहतो. आजोबा गेल्याचं मला उशिरा कळलं. तुम्ही बऱ्या असाल अशी आशा आहे. मला कोणाकडून काही नको आहे. तुम्हाला वाटलं तर या नंबरवर फोन करा. नाही वाटलं तरी मी समजेन.’

एक आठवण, एक बातमी आणि मोकळी सोडलेली वाट, एवढं पुरे. माफी मागू नका, हिशेब मांडू नका, ‘आम्ही अमुक तारखेला येतोय’ असं कळवू नका. तुमचा एखादा साधा फोटो घाला. तुम्ही कोण, कशा दिसता, हे त्यांना पाकीट उघडल्यावर कळू द्या. चेहऱ्यावर काय उमटायचं ते तुमच्या अपरोक्ष उमटून जातं, आणि तुम्ही समोर याल तेव्हा ते सावरलेले असतात. माझ्या मते सगळ्या पत्रात हीच सर्वांत उपयोगी गोष्ट.

६. दिवस निवडताना

रविवारी दुपारी बारापर्यंत घरी कोणी नसतं, सगळे चर्चमध्ये असतात. बुधवारी संध्याकाळीही बऱ्याच चर्चमध्ये जेवण आणि प्रार्थना असते. पानगळीच्या दिवसांत शनिवारी कॉलेज फुटबॉल असतं. जॉर्जिया-अलाबामा किंवा अलाबामा-ऑबर्न सामना चालू असताना दाराची घंटा वाजवणारा माणूस कोणत्याही कुटुंबाला परका वाटेल.

चांगले दिवस म्हणजे कौटुंबिक मेळावा, चर्चचं होमकमिंग (गाव सोडून गेलेले परत येतात आणि आवारात टेबलं मांडून एकत्र जेवण होतं), आणि डोंगराकडच्या भागात डेकोरेशन डे. तो साधारण मे महिन्यातल्या एखाद्या रविवारी असतो. लोक पूर्वजांच्या कबरी साफ करतात, फुलं ठेवतात. अशा दिवशी हाताला काम असतं, त्यामुळे बोलायला विषय नसला तरी चालून जातं. मात्र बोलावणं आल्याशिवाय यातलं काहीही नको.

जॉर्जियातून अलाबामात जात असाल तर घड्याळ एक तास मागे जातं. अपवाद फीनिक्स सिटीसारख्या सीमेवरच्या गावांचा, ती नदीपलीकडच्या जॉर्जियाची वेळ पाळतात. कोणाची वेळ, हे फोनवरच विचारून घ्या.

७. पहिली भेट

राहायचं मोटेलमध्ये, त्यांच्या घरी नाही, त्यांनी म्हटलं तरी. मोटेलचा मालक बहुधा गुजराती पटेल निघेल, तुम्हाला पाहून खूश होईल आणि चहा पाजेल. गावात तुम्हाला त्याचे नातेवाईक समजतील, तेही हसून सोडून द्या. पण तुम्ही कोणाकडे आलात हे त्याला सांगू नका. गाव लहान असतं, आणि मोटेलमालकही गावातलाच.

गाडी घरासमोर लावली की लगेच उतरू नका. रस्त्यावरूनच फोन करा, कोणी बाहेर येईपर्यंत आत बसून राहा. कुत्री मोकळी असतात, बंदुका घरोघरी असतात, आणि ‘आत येऊ नये’ ही पाटी शोभेची नसते. मागच्या दाराने ‘आहे का कोणी?’ करत आत शिरायची आपली सवय इथे जिवावर बेतू शकते.

वडीलधाऱ्यांना ‘मॅम’ आणि ‘सर’ म्हणा. ओळख झाली की ‘मिस’ लावून पहिलं नाव: मिस लिंडा, मिस डोरोथी. अटलांटाच्या ऑफिसात साहेबालाही नुसत्या नावाने हाक मारता, पण इथे सत्तरीच्या बाईला नुसतं ‘लिंडा’ म्हटलंत तर ती काही बोलणार नाही, फक्त लक्षात ठेवेल. मुलांनाही आधी शिकवून न्या.

हातात काहीतरी खायचं असू द्या. वाइनची बाटली नको, बॅप्टिस्ट (बहुधा दारू वर्ज्य मानणारा ख्रिस्ती पंथ) घरात ती कुठे ठेवायची हा प्रश्न पडतो. मी नारळाच्या वड्या नेल्या होत्या. तिकडे ख्रिसमसला खोबऱ्याचा केक करतात, त्यामुळे नारळ कोणाला परका वाटत नाही, आणि ‘कशा केल्या?’ यावर बायका तासभर बोलतात.

शाकाहारी असाल तर नीट ऐका. हिरव्या घेवड्यात आणि कॉलर्डच्या पाल्यात डुकराचं मांस घालून शिजवलेलं असतं. मक्याच्या पावाला बेकनची चरबी लावलेली असू शकते. रताळ्याच्या कॅसरोलवरच्या मार्शमेलोत जिलेटिन असतं. मॅकरोनी-चीज बहुधा चालतं (तिकडच्या खानावळींत ते भाज्यांच्या यादीत असतं, यावर मी अजून हसते), आणि केळ्याचं पुडिंगही. ताटात थोडं घ्या, चालतं ते खा, आणि विचारलं तरच ‘मी मांस खात नाही’ एवढं सांगा. कारणमीमांसा नको.

जेवणाआधी सगळे हात धरून प्रार्थना करतात. तुम्हीही धरा. ‘कोणत्या चर्चला जाता?’ हा प्रश्न येणारच, त्याचं उत्तर दोघांनी गाडीतच ठरवा. मी ‘आम्ही हिंदू आहोत, घरी गणपती बसतो’ असं सरळ सांगते. चर्चला चला म्हणाले तर एकदा जाऊन या, गाणी चांगली असतात. राजकारणावर कोणी कितीही टोचलं तरी हवा-पाण्यावर या.

आणि जोडीदाराला बोलू द्या. त्याची बाजू तुम्ही मांडू नका, मधली शांतता भरू नका. तुमचं काम भांडी उचलू लागण्याचं आणि फोटोंतल्या माणसांची नावं विचारण्याचं. जुना अल्बम उघडला की भांडणाचा विषय त्यांच्याच तोंडून येतो. तेव्हा ऐकून घ्या. उत्तर त्या दिवशीच द्यायची सक्ती नाही.

दोनेक तासांत निघा. निरोप दारात एकदा, व्हरांड्यात एकदा आणि गाडीच्या काचेशी एकदा होतो, तेवढा वेळ हिशेबात धरा.

८. जमिनीबद्दल एक शब्दही नाही

इतक्या वर्षांनी आलेला पुतण्या म्हटल्यावर सगळ्यांच्या मनात पहिला संशय जमिनीचाच येतो. त्याला कारण आहे. मालक मृत्युपत्र न करता गेला की जमीन सगळ्या वारसांच्या नावे अविभाजित राहते, आणि दोन-तीन पिढ्यांत हिस्सेदार पन्नासावर जातात. आपल्या सामायिक सातबाऱ्याचाच प्रकार. फरक असा की तिथे एखादा लहानसा हिस्सेदार, किंवा त्याचा हिस्सा विकत घेतलेला बाहेरचा माणूस, कोर्टात वाटणी मागायचा आणि सगळी जमीन कवडीमोलाने लिलावात जायची. कृष्णवर्णीय कुटुंबांच्या कित्येक जमिनी अशाच गेल्या. त्याला आळा घालणारा कायदा जॉर्जियाने २०१२ मध्ये आणि अलाबामाने २०१४ मध्ये केला. आता आधी योग्य किंमत काढावी लागते आणि इतर हिस्सेदारांना विकत घेण्याची पहिली संधी मिळते. पण कायदा बदलला म्हणून धास्ती जात नाही.

म्हणून शेत, घर, लाकूड विकल्याचे पैसे यांपैकी काहीही तुम्ही काढू नका. त्यांनी काढलं तर जोडीदाराने ‘मी त्यासाठी आलेलो नाही’ एवढंच म्हणावं.

मात्र उलट सापळाही आहे. कधी कधी दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत एक कागद पुढे येतो: क्विटक्लेम डीड, म्हणजे आपलं हक्कसोडपत्र. ‘नुसती औपचारिकता आहे, इथे सही कर.’ जेवणाच्या टेबलावर सही करायची नाही, कितीही प्रेमाने मागितली तरी. ‘वकिलाला दाखवून कळवतो’ म्हणा, आणि त्याच राज्यातला वकील गाठा. वाचून, समजून हक्क सोडायचा असेल तर खुशाल सोडा. जो माणूस तिथे राहिला आणि इतकी वर्षं कर भरत आला, त्याच्या नावावर जमीन जाण्यात पुष्कळदा न्यायच असतो. पण तो निर्णय शुद्धीत घेतलेला असावा.

९. मयतीची खबर आली तर

वरच्या पायऱ्या पूर्ण होण्याआधीच हे घडू शकतं. अंत्यविधीच्या आदल्या संध्याकाळी फ्युनरल होममध्ये भेटीची वेळ असते, तिथे जा. वहीत पूर्ण नाव लिहा, रांगेत उभे राहा, ‘तुमच्या दुःखात सहभागी आहे’ म्हणा आणि पुढे व्हा. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये पुढचे बाक घरच्यांचे असतात. जोडीदार सख्खा मुलगा असला तरी कोणी हात धरून नेल्याशिवाय तिथे बसू नये. कबरीकडे जाताना गाड्यांच्या रांगेत असाल तर दिवे लावा. समोरून येणारे अनोळखी लोकही गाडी कडेला घेऊन थांबतील.

घरी जेवण पाठवायचं तर फॉइलच्या ट्रेमध्ये नको, चांगल्या काचेच्या भांड्यात पाठवा आणि तळाला चिकटपट्टीवर नाव-नंबर लिहा. भांडं परत करायचं म्हणून का होईना, कोणीतरी फोन करतं.

१०. नंतर

आठवडाभरात आभाराचं कार्ड, हाताने लिहिलेलं. फोटो फेसबुकवर टाकायची घाई करू नका. तुम्ही येऊन गेलात हे घरातल्या सगळ्यांना सांगितलेलं नसतं, आणि ते कोणाला कधी सांगायचं हे चौथ्या पायरीतली ती बाई ठरवते. पुढची भेट तुमच्याकडे ठरवायची असेल तर दिवाळीला बोलावू नका. पन्नास मराठी माणसांच्या गर्दीत ते बावरतात. एखादा साधा शनिवार, फुटबॉलचा मोसम सोडून.

पत्राला उत्तरच आलं नाही तर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ख्रिसमसचं कार्ड पाठवा, नुसत्या शुभेच्छा आणि दोघांची सही. पुढच्या वर्षी पुन्हा एक. मधल्या काळात फोन नाही, तिसऱ्या माणसाकरवी निरोप नाही. कार्ड ‘पत्ता बदलला’ असा शिक्का बसून परत आलं तर आधी फ्युनरल होमचं संकेतस्थळ बघा, मग नवा पत्ता शोधा. आणि घर तुम्हीच बदललं असेल तर कार्डाच्या आत, सहीखाली, नवा पत्ता पुन्हा लिहा. पाकिटं लोक टाकून देतात.